गणवेश आणि परवाना

पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारावर बंदूक घेऊन पहारा देणाऱ्या जवानाला त्या बंदुकीसाठी परवाना लागत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या ४५ व्या कलमाने कर्तव्यावरील लोकसेवकाला ही मोकळीक दिली आहे. मात्र तोच जवान स्वतःच्या पैशाने पिस्तूल घेऊ लागला, की कायद्यापुढे तो तुमच्याआमच्यासारखा नागरिक ठरतो. अर्ज, पोलिसांचा अहवाल, दोन अग्निशस्त्रांची मर्यादा (२०१९ पर्यंत ती तीन होती) हे सारे त्यालाही लागू होते. २०१६ च्या नियमांत सैनिकांच्या अर्जाचा स्वतंत्र उल्लेख आहे खरा. पण जीविताच्या वा मालमत्तेच्या रक्षणाची निकड त्यांनाही दाखवावीच लागते.

हा सैनिकावरील अविश्वास, असे पुष्कळांना वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात दिलेले पावणेतीन लाखांहून अधिक परवाने केंद्रीय अन्वेषण विभागाच्या चौकशीत सापडले, आणि त्यांतील कित्येक परवाने जवानांच्या नावावर बनावट कागदपत्रांनी काढल्याचा आरोप आहे. गणवेशाला सवलत मिळाली, की दलाल त्याचा भाव ठरवितात.

तेव्हा निकडीची अट राहावी. कमी व्हावी ती कचेरीतील दिरंगाई. जवानाची रजा मोजकी असते. निवृत्तीनंतर बँकेच्या दारावर सशस्त्र रक्षकाची नोकरी शोधणाऱ्याला तर परवाना हेच भांडवल. अर्ज जितके महिने पडून राहील, तितक्या महिन्यांचा पगार बुडतो.