किशोरवयांतील विषाद

मुलाचें अंग तापलें कीं आई लागलीच कपाळावर हात ठेविते. परंतु मन कोमेजूं लागलें कीं आपण त्यास आळशी, हट्टी म्हणून मोकळे होतों. झोंप उडणें, अन्नावरची वासना जाणें, अभ्यास मागें पडणें, क्षुल्लक कारणानें चिडणें हीं लक्षणें आपण वयावर घालतों. तीं दोन आठवडे टिकलीं तर मात्र रोगाचीं असूं शकतात. आणि या रोगावर उपाय आहे.

तो हुडकण्यासाठीं डॉक्टरांपाशीं नऊ प्रश्नांची एक साधी प्रश्नावली असते. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलें काय, कशांतच गोडी उरली नाहीं काय, अशा धर्तीचे हे प्रश्न. प्रत्येकास शून्य ते ३ गुण. बेरीज १० वा अधिक भरल्यास सविस्तर तपासणी करावी. ही केवळ चाळणी होय, निदान नव्हे. अमेरिकेंतील तज्ज्ञमंडळानें २००९ सालीं १२ ते १८ वर्षांच्या मुलांसाठीं अशा चाळणीची शिफारस केली, ती पुढील उपचारांची सोय असेल तरच, या अटीवर. ही अट आम्हांसहि लागू आहे.

आपल्याकडे २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमानें १० ते १९ वर्षांच्या मुलांचें मानसिक आरोग्य आपल्या कक्षेंत घेतलें. शेतकरी कुटुंबांसाठीं २०१५ सालीं निघालेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पांत वाशीम जिल्हाहि आला. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’चा विनामूल्य सल्ला मिळतो. तेव्हां रिसोड-मानोऱ्याच्या खेड्यांतहि पहिलें पाऊल अशक्य नाहीं.

अडते तें घरांत. “असलें विचारल्यानें नसते विचार मनांत येतील,” ही भीति निराधार आहे. आत्मघाताविषयीं शांतपणें विचारल्यानें तो विचार बळावत नाहीं, असेंच अभ्यासांत आढळलें आहे. “लोक काय म्हणतील?” या प्रश्नास तर मुलाच्या जिवापुढें किंमत ती काय? मुलास डॉक्टरांशीं क्षणभर एकांतांत बोलूं द्यावें. आईबापांसमोर तें खरें सांगेलच असें नाहीं.

गीतेचा पहिला अध्याय विषादाचाच आहे. अर्जुन बोलत असतां श्रीकृष्ण मध्यें बोलत नाहींत. पुढें ते प्रथम त्याची निर्भर्त्सना करितात. पण तिनें अर्जुन उठत नाहीं, उलट गप्प बसतो. खरा उपदेश त्यानंतरचा. जेथें भगवंतांच्या कानउघाडणीनें भागलें नाहीं, तेथें आपल्या रागावण्यानें काय साधणार? आधीं ऐकावें, मग डॉक्टरांकडे न्यावें.