शिरस्त्राणाचा शिरस्ता

हेल्मेटसक्ती हा शब्द पुण्यात उच्चारला जाताच पेठापेठांतून जी प्रतिकाराची लाट उसळते, तिला उभ्या महाराष्ट्रात तोड नाही. २०१९ च्या जानेवारीत पोलिसांनी कारवाईचा बडगा उगारला, तेव्हाही निवेदने दिली गेली, मोर्चे निघाले, कृती समिती रस्त्यावर उतरली. मान दुखते, केस गळतात, मागच्या गाडीचा भोंगा ऐकू येत नाही, मंडईत उतरल्यावर ते ओझे ठेवायचे कुठे, आणि शहरात गाडी ताशी वीस-पंचवीसच्या वर जातेच कुठे, असा युक्तिवादांचा साठा आपल्यापाशी सदैव सज्ज असतो. गंमत अशी की, लष्कराच्या सदर्न कमांडचे मुख्यालय याच शहरात आहे. तिथल्या एखाद्या लष्करी आस्थापनेत कामानिमित्त जायचे झाले की हाच दुचाकीस्वार फाटकाच्या अलीकडे थांबतो, डिकीतले हेल्मेट निमूटपणे बाहेर काढतो, पट्टा आवळतो आणि मगच आत शिरतो. फाटकावरच्या लष्करी पोलिसाशी तो हुज्जत घालत नाही. काम आटोपून बाहेर आला की हेल्मेट पुन्हा डिकीत! शे-दोनशे पावलांच्या अंतरात त्याची मान बदललेली नसते, केस बदललेले नसतात आणि गाडीचा वेगही बदललेला नसतो. आतला शिरस्ता तेवढा वेगळा असतो.

सैन्याचा हा शिरस्ता काही आकाशातून पडलेला नाही. माणसे गमावल्यानंतर, गमावलेली माणसे मोजल्यानंतर तो रूढ झाला. ही कथा ब्रिटिश सेनेची आहे आणि आपल्याकडे ती फारशी सांगितली जात नाही, म्हणून येथे थोड्या विस्ताराने सांगणे अस्थानी होणार नाही.

पहिल्या महायुद्धातील अरब उठावामुळे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' या नावाने जगभर गाजलेले टी. ई. लॉरेन्स १९३५ च्या प्रारंभी ब्रिटिश हवाई दलातून निवृत्त झाले. मोटारसायकलचे त्यांना विलक्षण वेड होते. 'ब्रफ सुपीरियर' ही त्या काळातील महागडी आणि वेगवान गाडी ते चालवत. १३ मे १९३५ रोजी डॉर्सेट परगण्यातील आपल्या घराकडे परतत असताना रस्त्याच्या खोलगट भागामुळे पुढे सायकलवरून जाणारी दोन मुले त्यांना उशिरा दिसली. मुलांना चुकवताना गाडीवरचा ताबा सुटला. युद्धात वाचलेला हा सेनानी घराजवळच्या शांत रस्त्यावर डोक्यावर आपटला आणि सहा दिवस बेशुद्धीत काढून १९ मे रोजी मरण पावला. वय अवघे ४६. डोक्यावर शिरस्त्राण नव्हते.

त्यांच्यासाठी बोलावण्यात आलेल्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स हे मेंदूशल्यविशारद होते. मूळचे ऑस्ट्रेलियाचे, अमेरिकेत हार्वे कुशिंग यांच्या हाताखाली तयार झालेले. लॉरेन्स वाचू शकले नाहीत. पण मोटारसायकलवरून पडणाऱ्या माणसाच्या मेंदूचे नेमके काय होते, हा प्रश्न पुढे केर्न्स यांच्या संशोधनाचा मोठा विषय झाला. चार वर्षांत दुसरे महायुद्ध पेटले आणि या प्रश्नाला सैनिकी महत्त्व आले. बिनतारी संदेश शत्रूच्या कानी पडू शकतो, दूरध्वनीच्या तारा बॉम्बने तुटतात. त्यामुळे कागदावरचा आदेश घेऊन मोटारसायकलवरून धावणारा संदेशवाहक स्वार हा तेव्हा सैन्याचा आधार होता. आपल्या सैन्याच्या सिग्नल कोरमधील 'डी. आर.' ही त्याच परंपरेतील मंडळी. हजारो तरुणांना थोडेफार शिकवून गाडीवर बसवण्यात आले. त्यात विमानहल्ल्यांच्या भीतीने रात्रीचे रस्ते काळोखात बुडवलेले, गाड्यांचे दिवे झाकलेले. परिणाम व्हायचा तोच झाला. १९४१ या एका वर्षात ब्रिटनमधील रस्त्यांवर ९,१६९ माणसे मेली. त्या देशात एवढे मृत्यू त्यापूर्वी कधी झाले नव्हते आणि त्यानंतरही झालेले नाहीत.

केर्न्स यांनी १९४१ मध्येच 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. युद्धापूर्वीच्या २१ महिन्यांत मोटारसायकलवरील १,८८४ स्वार व सहप्रवासी ठार झाले होते. युद्ध सुरू झाल्यानंतरच्या २१ महिन्यांत ही संख्या २,२७९ झाली. मरणाचे प्रमुख कारण डोक्याची इजा. त्यांच्या पाहण्यात आलेल्या अपघातग्रस्तांपैकी अवघ्या सात जणांच्या डोक्यावर शिरस्त्राण होते आणि ते सातही जण वाचले होते. सात हा आकडा लहान आहे, हे त्या शास्त्रज्ञाला कळत नव्हते असे नाही. पण सेनेने अधिक आकडा जमा होण्याची वाट पाहिली नाही. १९४१ च्या नोव्हेंबरमध्ये आदेश निघाला की, कामावर असलेल्या प्रत्येक सैनिकी मोटारसायकलस्वाराने शिरस्त्राण घातलेच पाहिजे. पुढे १९४३ आणि १९४६ मध्ये केर्न्स यांनी आणखी निबंध लिहिले आणि त्या आदेशानंतर मृत्यू कसे घटत गेले ते आकड्यांनिशी मांडले.

नागरी समाजाने मात्र याची दखल घ्यायला किती काळ घ्यावा? ब्रिटनमध्ये सर्वसामान्य दुचाकीस्वारांवर हे बंधन आले १ जून १९७३ रोजी. केर्न्स यांच्या पहिल्या निबंधानंतर ३२ वर्षांनी. ते स्वतः १९५२ मध्येच निवर्तले होते. तिथेही व्यक्तिस्वातंत्र्याची भाषा झाली, सरकारने माझ्या डोक्याची काळजी करू नये असे सांगणारे निघाले. तेव्हा या बाबतीत आपण पुणेकर काही अगदीच एकटे नाही!

केर्न्स यांच्याबरोबर ऑक्सफर्डमध्ये हॉलबोर्न नावाचे एक भौतिकशास्त्रज्ञ काम करत. डोके आपटते तेव्हा कवटी थांबते, पण आतला मऊ मेंदू थांबत नाही. तो आतल्या आत फिरतो, ताणला जातो, त्यातले सूक्ष्म तंतू तुटतात, हे त्यांनी जिलेटिनच्या प्रतिकृतींवर प्रयोग करून दाखवले. बाहेरून खरचटलेलेही नाही आणि मुलगा शुद्धीवर येत नाही, असे जे अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या आईबापांना उमगत नाही, त्याचे उत्तर येथे आहे. आजच्या हेल्मेटमधील कठीण कवचापेक्षा आतला थर्माकोलसारखा जाड थर अधिक मोलाचा असतो. तो स्वतः चेपतो आणि डोक्याला थांबायला क्षणभर अधिक अवकाश देतो. एकदा चेपला की त्याचे काम संपले. म्हणून मोठ्या अपघातातून गेलेले हेल्मेट पुन्हा वापरायचे नसते. आणि म्हणूनच रस्त्याकडेला दोरीवर टांगून विकले जाणारे, आत नुसते फडके लावलेले स्वस्त टोपडे पोलिसांच्या नजरेतून वाचवते, डांबरापासून नाही. १ जून २०२१ पासून भारतीय मानकाचा शिक्का नसलेले हेल्मेट बनवणे वा विकणे बेकायदा आहे. तरीही असली टोपडी खपतात, कारण घेणारे आपणच आहोत. सव्वा लाखाची गाडी घेताना रंगासाठी महिनाभर थांबणारा बाप मुलाच्या हेल्मेटसाठी दीडशे रुपयांवरून घासाघीस करतो, हे दृश्य दुर्मीळ नाही.

नुसते शिरस्त्राण घातले की सारे झाले, असे मात्र सैन्याचा अनुभव सांगत नाही. अमेरिकेत प्रौढ स्वारांना हेल्मेटची सक्ती न करणारी अनेक राज्ये आहेत. पण तेथील सैनिकाला ती मोकळीक नाही. गणवेशात असो वा सुट्टीवर, मोटारसायकलवर बसताना हेल्मेट, डोळ्यांना संरक्षण, हातमोजे, लांब बाह्या, पूर्ण विजार आणि घोटा झाकणारे मजबूत पादत्राण, हे सारे त्याला बंधनकारक आहे. असे असूनही ऑक्टोबर २००८ अखेरच्या बारा महिन्यांत मरीन दलाचे २५ जवान मोटारसायकल अपघातांत मेले. त्याच काळात इराकमधील लढाईत मेलेल्यांची संख्या २० होती. २५ पैकी २४ जण अतिवेगवान 'स्पोर्ट बाइक'वर होते. रणभूमीवरून परतलेला तरुण, खिशात साचलेला पगार, जिवावरच्या थराराची अंगवळणी पडलेली सवय आणि हाती दीडशेच्या वेगाने सहज धावणारे यंत्र. सेनापतींनी यावर भाषणे केली नाहीत असे नाही, पण मुख्य उपाय केला तो असा की, अशा गाड्यांसाठी वेगळे प्रशिक्षण सक्तीचे केले. गाडी येते आणि गाडी चालवता येते, यांत फरक असतो हे त्यांनी ओळखले.

आपल्याकडेही याचे एक उदाहरण दरवर्षी २६ जानेवारीला साऱ्या देशासमोर येते. कर्तव्यपथावर जवानांच्या मोटारसायकलींचे मनोरे धावू लागतात, तेव्हा घराघरांत मुले दूरदर्शन संचासमोर उभी राहून टाळ्या वाजवतात. २०१७ मध्ये आर्मी सर्व्हिस कोरच्या 'टोर्नेडोज' पथकाने बंगळूरूजवळ येलहंका येथे एका गाडीवर ५८ जवान नेऊन विक्रम केला. २०१८ च्या संचलनात सीमा सुरक्षा दलाच्या 'सीमा भवानी' या महिला पथकाने प्रथमच कसरती सादर केल्या. अभिमानाने ऊर भरून यावा असेच हे आहे. पण त्या काही मिनिटांमागे महिनोन्‌महिन्यांचा रोजचा सराव असतो, मोकळे मैदान असते, चुकीला तेथेच पकडणारा उस्ताद असतो. टाळ्या वाजवणारा मुलगा दुसऱ्या दिवशी शिकवणीला जाताना गाडीचे पुढचे चाक उचलू पाहतो, तेव्हा त्याच्याजवळ यांपैकी काहीच नसते.

आमच्या मनात सर्वाधिक सल आहे तो सुट्टीवर आलेल्या जवानाविषयी. सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांत घरटी सैनिक असलेली गावे आहेत. छावणीत वर्षभर फाटकाचा नियम पाळणारा जवान गावच्या एस. टी. थांब्यावर उतरतो आणि धाकट्या भावाची गाडी घेऊन उघड्या डोक्याने निघतो. आप्तांच्या भेटी, देवदर्शन, कुणाचे लग्न, रात्री उशिराची परत. हंगाम बहुधा उसाचा. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर काळोखात रस्त्याकडेला उभा असतो. मागे दिवा नाही, लाल परावर्तक नाही, बाहेर आलेल्या वाढ्यांनी सारे झाकलेले. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा रस्त्यासारखाच दिसतो. गावोगावच्या गतिरोधकांवर पांढरा पट्टा नसतो आणि वळणावर सांडलेली खडी महिनाभर कुणी उचलत नाही. हे दोष स्वाराचे नाहीत. कारखान्यांचे आहेत, ठेकेदारांचे आहेत, रस्ते सांभाळणाऱ्या खात्यांचे आहेत आणि त्यांना जाब विचारलाच पाहिजे. परंतु जाब विचारायला माणूस जिवंत हवा. तिरंग्यात लपेटून येणाऱ्या जवानासाठी सारा तालुका लोटतो. ट्रॉलीवर आदळून गेलेल्याच्या वाट्याला स्थानिक वृत्तपत्रातल्या चार ओळी येतात. आईचे दुःख दोन्हीकडे तेवढेच.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मरण पावली. त्यांतील ५०,०२९ दुचाकीस्वार व सहप्रवासी हेल्मेटविना होते. म्हणजे दररोज सुमारे १३७. कारगिलच्या युद्धात आपले ५२७ जवान धारातीर्थी पडले. तेवढी माणसे केवळ उघड्या डोक्याने आपण चार दिवसांत घालवतो. हेल्मेट असते तर ही सर्वच वाचली असती असा दावा कुणी शहाणा करणार नाही. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २००८ मध्ये काढलेला निष्कर्ष असा की, हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो. ढोबळ हिशेब केला तरी वर्षाला वीस हजार घरे होतात. कायदा १९८८ पासून आहे. २०१९ च्या दुरुस्तीने दंड हजार रुपये झाला आणि तीन महिने परवाना स्थगित करण्याची तरतूदही आली. कमतरता कायद्याची नाही.

आता थोडे स्वतःकडे पाहू. विविध सामाजिक कामांत वावरणारा कार्यकर्ता बहुतेक सारा प्रवास दुचाकीवरच करतो. बैठक संपवून रात्री अकराला पंचवीस-तीस किलोमीटर परतणे त्याच्या नित्याचे. त्याच्या घरी हेल्मेट असते, ते खुंटीवर असते. १९९९ मध्ये डोंबिवलीत सुरू झालेल्या वर्षप्रतिपदेच्या स्वागतयात्रेचे अनुकरण आज गावोगाव होते, आणि गिरगावपासून अनेक ठिकाणी नऊवारी नेसून, फेटा बांधून बुलेटवर स्वार झालेल्या भगिनी त्या यात्रेचे भूषण ठरतात. पायी चालणाऱ्यांच्या संगतीने मुंगीच्या गतीने सरकणाऱ्या यात्रेत फेट्याला आमची हरकत नाही. पण यात्रा संपल्यावर त्याच फेट्यानिशी, मागे दोघांना बसवून घरी सुसाट निघणे आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला उघड्या डोक्यांनी शेकडोंची वाहनफेरी काढणे, याला परंपरेचा आधार नाही. पगडीधारी शिखांना कायद्याने दिलेली सूट त्यांच्या नित्य धर्माचरणासाठी आहे. आपला फेटा सणापुरता. आणि परंपराच काढायची तर १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी खानाच्या भेटीस निघताना महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि डोईच्या वस्त्राखाली पोलादी टोप घातला होता, हे आपण मुलांना किती रंगवून सांगतो! त्या सावधगिरीला कुणी भ्याडपणा म्हटले नाही.

वाहनफेऱ्यांचे संयोजक मार्ग आखतात, घोषणा ठरवतात, ध्वजाच्या काठीची लांबीदेखील ठरवतात. ज्यांची पत्रके अद्याप छापखान्यात गेलेली नाहीत, त्यांनी वेळ आणि स्थळ यांच्याखाली एक ओळ वाढवावी: हेल्मेट नसलेल्या स्वारास फेरीत प्रवेश नाही. मागे बसणाऱ्यासही नाही. आणि आरंभस्थळी ती ओळ पाळून घेण्यासाठी एखादा निवृत्त सुभेदार उभा करावा. असे गृहस्थ आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत आणि त्यांच्याशी सहसा कुणी वाद घालत नाही.