रक्तात स्वभाव शोधणाऱ्यांसाठी

‘बी’ रक्तगटाची माणसे तापट, ‘ए’ गटाची शिस्तप्रिय, असली विधाने विज्ञानवार्तांच्या पंगतीत सर्रास येऊन बसतात. त्यांच्या मागोमाग ‘चांगल्या घराण्याचे रक्त’ हा जुना दावा शास्त्राची झूल पांघरून येतो. दोघांचा समाचार एकदमच घेतलेला बरा.

आजवर तपासलेले गोरिला ‘बी’ गटाचे आढळले आहेत, तर चिंपांझी ‘ए’ किंवा ‘ओ’ गटाचे. रक्तगटाने स्वभाव ठरत असता, तर ‘बी’ गटाच्या माणसाचे ‘ए’ गटाच्या सख्ख्या भावापेक्षा गोरिलाशी अधिक जुळायला हवे होते! २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार ए-बी हा जनुकभेद माणूस आणि गिबन यांच्या समाईक पूर्वजांतही होता. त्याचे वय किमान २ कोटी वर्षे. ही समजूत सर्वाधिक फोफावली जपानात. तेथील आणि अमेरिकेतील १० हजारांहून अधिक लोकांच्या २०१४ सालच्या विश्लेषणात रक्तगट व स्वभाव यांचा संबंध जवळजवळ शून्य निघाला.

‘रक्तगट जाऊ द्या, स्वभावाचे जनुक तर असतेच ना?’ हा पुढचा युक्तिवाद. २००२ साली ऱ्हिसस माकडांवरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सेरोटोनिनच्या वहनाशी निगडित जनुकाचे आखूड रूप असलेली जी पिल्ले आईविना, केवळ समवयस्कांत वाढली, त्यांच्या मेंदूभोवतीच्या द्रवात सेरोटोनिनच्या विघटनातून उरणारे द्रव्य कमी आढळले. आईजवळ वाढलेल्या पिल्लांत जनुकानुसार असा फरक दिसला नाही. जनुक तेच, संगोपन निराळे. मथळेकार मात्र यातले अर्धेच वाक्य उचलतात.

राहिला घराण्याचा प्रश्न. कोलकात्याजवळच्या कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्थेतील अनलाभ बसू, नीता सरकार-रॉय आणि पार्थ मजुमदार यांनी ३६७ भारतीयांच्या जनुकसंचांचे विश्लेषण २०१६ साली प्रसिद्ध केले. त्यांत बंगाली ब्राह्मण होते, मराठेही होते. निष्कर्ष असा की पूर्वी समूहासमूहांत भरपूर संकर होत असे. सुमारे ७० पिढ्यांपूर्वी जातीतच लग्न करण्याचा नियम आवळला गेला आणि तो थांबला. भिंत लग्नाच्या नियमाने घातली. रक्त तिच्याआधीच मिसळलेले होते. ७० पिढ्या म्हणजे जेमतेम दीड हजार वर्षे. त्यापूर्वीचे पूर्वज कोणाच्या घरी सोयरीक जुळवत होते, हे शुद्ध कुळाचा टेंभा मिरवणाऱ्यांच्या वंशावळीत कुठेही लिहिलेले नसते.