शेणकिडा

शेणातला किडा म्हटले, की लोक नाक मुरडतात. हा तिरस्कार अन्यायाचा आहे. शेणाच्या पोखाली बीळ खणून हा कीटक शेण आत नेतो व तेथेच अंडी घालतो. अळीला आयते अन्न मिळते. जमिनीला खत मिळते आणि बिळांतून पाणी खोल मुरते.

त्याची खरी किंमत ऑस्ट्रेलियाला कळली. १७८८ साली तेथे गाई गेल्या; परंतु तेथील बहुतेक शेणकिडे कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले! गाईंचे शेण कुरणांवर तसेच पडे, खालचे गवत मरे, माश्या मातत. अखेर १९६५ साली शास्त्रज्ञांनी योजना आखून परदेशी शेणकिडे आणवले. त्यांची अंडीसुद्धा निर्जंतुक करून घेतली. पुढे ४३ जाती सोडल्या. त्यांपैकी २३ रुजल्या.