आडवी नांगरट आणि भावकी

ट्रॅक्टरने बैल घालवला, असं म्हणून उसासे टाकायची आपल्याकडे एक पद्धतच पडली आहे. उसासा खोटा नाही. लाल कंधारी नांदेडची आणि देवणी लातूरची, म्हणजे गुरांच्या दोन नामांकित जाती आपल्याच तालुक्यांच्या नावाने ओळखल्या जातात. पण दोन-तीन एकरांच्या धन्याला वर्षभर बैलजोडी, तिचा कडबा आणि गडी परवडत नाही हे आपण सगळेच जाणतो. तेव्हा तो वाद पुरे.

माझं म्हणणं वेगळं आहे. लहान शेतात ट्रॅक्टरने नुकसान होत असेल, तर त्यात दोष ट्रॅक्टरचा थोडा आणि आपल्या वाटण्यांचा जास्त.

वाटणी कशी होते बघा. शेत वर माळाला लागलेलं, खाली ओढ्याला. वरची जमीन मुरमाड, खालची काळी, कसदार. चार भाऊ असले की नुसता माळ कुणालाच नको, म्हणून वरून खालपर्यंत उभ्या चार पट्ट्या पाडायच्या. न्याय म्हणून अगदी चोख! आता अशा एका पट्टीत ट्रॅक्टर घाला. आडवा चालवायचा तर जरा पुढे गेला की वळण. वळण्यात वेळ जातो, डिझेल जातं, कडेची जमीन तशीच राहते आणि शेजारच्या धुऱ्यावर चाक गेलं की भांडण ठरलेलं. मग ड्रायव्हर सोपं ते करतो. माळापासून ओढ्यापर्यंत उभं तास धरतो.

इथेच सगळा घोळ आहे. उताराच्या दिशेने पडलेलं प्रत्येक तास म्हणजे पाण्याला आपणच काढून दिलेली वाट. आणि आपला पाऊस काही सावकाश पडत नाही. मृगात वाट बघायला लावतो आणि मग एकाच दुपारी झोडपून जातो. ते पाणी मुरायच्या आत ओढ्याला लागतं, जाताना वरची माती घेऊन जातं. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या लातूरच्या आसपास आपण पाण्याला असा रस्ता करून देतो, याचं मला नवल वाटतं.

उताराला आडवी मशागत करा, हे कृषी खात्याची माणसं वर्षानुवर्षं सांगतात. शेतकऱ्याला ते कळत नाही असं मुळीच नाही. एकट्याच्या पट्टीत ते जमत नाही, एवढंच.

पण चौघांनी मिळून केलं तर? ट्रॅक्टरला मागे जोडलेला नांगर हायड्रोलिकवर चालतो. दांडी वर केली की फाळ जमिनीबाहेर, खाली केली की परत आत. म्हणजे धुरा आला की नांगर उचलायचा, पलीकडे गेलं की टेकवायचा. पलटी नांगर असेल तर शेवटाला तो उलटवून त्याच तासाला लागून परत येता येतं आणि माती दोन्ही वेळी चढाच्या बाजूला टाकता येते. धुरा मोडायचा नाही. सातबारा, वहिवाट, खुणेचे दगड, सगळं जागच्या जागी. फक्त चारही घरांनी एकाच दिवशी ट्रॅक्टर सांगायचा आणि भाडं एकराच्या हिशेबाने वाटून घ्यायचं. धुरा उंच असेल किंवा त्यावर झाडं असतील तिथे हे जमणार नाही, पण भावाभावांतले धुरे बहुतेक गवताची एक पट्टी असतात.

यात नवीन काही नाही. शेजाऱ्यांनी बैल आणायचे, एकाचं रान एका दिवसात नांगरून टाकायचं आणि रात्री सगळ्यांनी जेवायचं, याला आपल्याकडे इर्जिक म्हणायचे. बैल गेले म्हणून इर्जिकही गेलीच पाहिजे, असं कुठे आहे?

कुणी म्हणेल, भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, तिथे ट्रॅक्टर कुठून सांगणार? खरं आहे. पण हे दरवर्षी करायचंच नाही. सोयाबीनच्या रानाला तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट आणि मधल्या वर्षी वखराच्या पाळ्या पुरतात, असाच सर्वसाधारण सल्ला असतो. भारी काळी जमीन तर उन्हाळ्यात भेगाळून स्वतःच बरीच मोकळी होते. म्हणजे तीन वर्षांत एक दिवस बोलायचं आहे.

२०२५ च्या जुलैत अहमदपूर तालुक्यातल्या एका वृद्ध शेतकऱ्याने स्वतःच्या खांद्यावर औत ओढल्याचं चित्र देशभर फिरलं. मागे त्यांची बायको. बैल नाहीत आणि ट्रॅक्टरचं भाडं परवडत नाही. त्यांना मदतीचे हात पुढे आले, चांगलं झालं. पण तुकडा जितका लहान तितकी एकट्याची नांगरट महाग, हा हिशेब मदतीने बदलत नाही. तो शेजाऱ्यानेच बदलू शकतो.

आपल्या घरची मंडळी हे वाचत असतील, त्यांना एकच विनंती. लग्नसराईत सगळे गावी येतोच. पंगतीत मानपान कुणाचा राहिला यावर बोलण्याऐवजी, यंदा नांगरट आडवी घालायची का, एवढं एकदा बोलून बघू. माती वाहून गेली तर ती कुणाच्या वाटणीतली होती, हे ओढा विचारत नाही.

बघा, पटतंय का.