परीक्षार्थीच परीक्षक झाला तर?

विमानाच्या सुरक्षेशी चळवळीचा काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे. नोकरीसाठी आखातात जाणारा आमचा तरुण, शिष्यवृत्तीवर परदेशी शिकायला निघालेली आमची मुलगी आज विमानात बसते. तिला यंत्र तपासता येत नाही. शासनाच्या जबाबदार अधिकाऱ्याने तपासून सही केली आहे, एवढ्या विश्वासावर ती बसते. ही सही कशी होते, हे म्हणूनच समजून घेतले पाहिजे.

विमान बनवणाऱ्या कंपनीला आधी त्या प्रारूपाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. आराखडे, हिशेब, जमिनीवरच्या आणि हवेतल्या चाचण्या पाहून ते मिळते. मग त्या प्रारूपानुसार बनलेल्या प्रत्येक विमानाला स्वतंत्र उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र लागते. देखभालीचा दरवर्षी आढावा होतो. नंतर धोकादायक दोष आढळला तर सक्तीचा आदेश निघतो. आपल्याकडे हे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे. पण मोठी प्रवासी विमाने आपण बाहेरून आणतो. त्यामुळे प्रारूपाची मूळ तपासणी अमेरिकेत किंवा युरोपात होते आणि आपली मान्यता बव्हंशी तिच्यावर विसंबते. कागदावर सारे चोख!

प्रत्यक्षात काय घडले? बोइंग ७३७ मॅक्स या विमानाला अमेरिकेच्या विमान प्रशासनाने मार्च २०१७ मध्ये मान्यता दिली, तीही १९६७ च्या जुन्या प्रमाणपत्रातील दुरुस्ती म्हणून. तपासणीचा मोठा भाग प्रशासनाने कंपनीच्याच पगारी अभियंत्यांकडे सोपवला होता. विमानाचे नाक आपोआप खाली दाबणारी नवी यंत्रणा एकाच संवेदकाच्या भरवशावर चालत होती. वैमानिकांच्या पुस्तिकेत तिचा उल्लेखही नव्हता. २०१६ च्या कंपनीअंतर्गत पाहणीत तपासणीचे अधिकार मिळालेल्या ३९ टक्के कर्मचाऱ्यांनी आपल्यावर अवाजवी दडपण येत असल्याचे सूचित केले होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात १८९ आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात १५७ माणसे मेली. पहिल्या अपघातानंतर अमेरिकी प्रशासनाच्याच विश्लेषणाने, दुरुस्ती न झाल्यास या विमानांच्या आयुष्यात सुमारे १५ अपघात होऊ शकतात, असे सांगितले होते. तरी विमाने उडत राहिली.

आणि दोष कुणाला दिला? आधी वैमानिकांना! इंडोनेशियातील विमानाचा कप्तान भारतीय होता. अमेरिकेत प्रशिक्षण झालेल्या वैमानिकांनी विमान वाचवले असते, अशी भाषा तिथल्या काही पुढाऱ्यांनी केली. ही भाषा आम्हाला नवी नाही. गटारात गुदमरून मेलेल्या सफाई कामगाराने सुरक्षा साधने वापरली नाहीत, हे उत्तर आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. खालचा माणूस चुकला म्हटले की वरचा सुटतो. पुढे जानेवारी २०२१ मध्ये बोइंगने आपल्या वैमानिक-तज्ज्ञांनी प्रशासनाची दिशाभूल केल्याचे मान्य केले आणि समझोता केला. तोवर ३४६ घरे उजाड झाली होती.

शासनाचे नियंत्रण नको म्हणणाऱ्यांचे स्वातंत्र्य म्हणजे खासगी मालकाची हुकूमशाही, हा इशारा बाबासाहेबांनी १९४७ मध्येच 'राज्य आणि अल्पसंख्याक' या निवेदनातून दिला होता. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून कारखाने आणि खाणींचे वास्तव त्यांनी पाहिले होते. नफा ज्याचा, तपासणीही त्याचीच, हा न्याय कोणत्या शास्त्रात बसतो?

आता आपल्याकडे पाहू. २०२५ मध्ये संसदीय समितीने महासंचालनालयातील १,०६३ मंजूर पदांपैकी ५५३ च भरलेली असल्याचे नोंदवले. त्याच वर्षी १२ जूनला अहमदाबादेत विमान कोसळून २६० जणांचा बळी गेला. त्या अपघाताचे कारण तपासाअंती ठरेल. आम्ही आधीच निकाल देत नाही. पण तपासणारा माणूसच खुर्चीवर नसेल तर प्रमाणपत्राला अर्थ काय? पद रिकामे ठेवणे म्हणजे आमच्या मुलांची नोकरी आणि प्रवाशाची सुरक्षा, दोन्ही एकदम हिरावणे होय.

म्हणून आमची मागणी साधी आहे. ही पदे आरक्षणासह तातडीने भरा. तपासणीचा अधिकार कंपन्यांच्या हाती देऊ नका. दोष कळवणाऱ्या अभियंत्याला कायद्याचे संरक्षण द्या. राज्यघटनेने जगण्याचा हक्क विमानात बसणाऱ्यालाही दिला आहे आणि गटारात उतरवल्या जाणाऱ्यालाही. त्या हक्काची राखण शासनाने कुणाला ठेक्याने देऊ नये.