कॅमेऱ्याची हार्ड केस रोज वापरण्यासारखी असते का?

फोनने कॅमेरा संपवला, असं आपण गेली दहा वर्षं ऐकतोय. आकडेही तेच सांगत होते. जपानी कॅमेरा कंपन्यांच्या 'सीपा' या संघटनेच्या नोंदींनुसार २०१० मध्ये जगभर १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे विक्रीसाठी पाठवले गेले. २०२३ मध्ये हाच आकडा ८० लाखांच्याही खाली होता. पण २०२४ मध्ये तो पुन्हा थोडा वर चढला. त्याच वर्षी आलेल्या फुजीफिल्मच्या एक्स१००-सिक्ससारख्या छोट्या कॅमेऱ्यासाठी लोकांना महिनोन् महिने वाट बघावी लागली.

या वाढीत एक गोष्ट महत्त्वाची आहे. आज कॅमेरा घेणारा माणूस बऱ्याचदा लग्नाचे फोटो काढणारा व्यावसायिक नसतो. तो तुमच्या-माझ्यासारखा, सोमवार ते शुक्रवार नोकरी करणारा आणि शनिवारी सह्याद्रीत जाणारा असतो. कॅमेरा ईएमआयवर घेतलेला असतो, आणि बॉडी अधिक एक बरी लेन्स म्हटलं की लाखाचा आकडा सहज ओलांडला जातो. त्यामुळे बॉक्स उघडल्यावर पहिला प्रश्न येतो: हा रोज न्यायचा कशात? ऑनलाइन शोधलं की 'वॉटरप्रूफ, शॉकप्रूफ, डस्टप्रूफ' असं लिहिलेल्या कडक पेट्या समोर येतात आणि भीतीपोटी बोट 'खरेदी करा' कडे जातं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हार्ड केस ही प्रवासात सामान पोहोचवायची वस्तू आहे, रोज कॅमेरा वागवायची नाही. आपल्या हवेत तर ती चुकीच्या पद्धतीने वापरली तर नुकसानच करू शकते. आता कारणं बघू.

आधी 'केस' म्हणजे नेमकं काय

बाजारात तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात.

पहिली, हार्ड केस. जाड प्लास्टिकची पेटी, आत फोम, कडेला रबराची गॅस्केट आणि दाबून बंद होणाऱ्या कड्या. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेली पेलिकन ही यातली सर्वांत प्रसिद्ध कंपनी.

दुसरी, सॉफ्ट बॅग किंवा इन्सर्ट. म्हणजे गादी लावलेली कापडी पिशवी. ही वेगळी खांद्यावर घेता येते किंवा नेहमीच्या सॅकमध्ये ठेवता येते.

तिसरी, कॅमेऱ्याच्या अंगालाच बसणारं कव्हर. चामड्याची हाफ केस किंवा सिलिकॉनचं आवरण. आजोबांच्या जुन्या फिल्म कॅमेऱ्याची चामडी केस तुम्ही पाहिली असेल. तिला 'एव्हररेडी केस' म्हणत. ती उघडेपर्यंत फोटो निघून जायचा, म्हणून फोटोग्राफर चेष्टेने तिला 'नेव्हररेडी केस' म्हणायचे. आजचा सगळा प्रश्न त्या एका विनोदात आला आहे.

आपटण्याचं साधं गणित

बारावीचं फिजिक्स आठवा. एखादी वस्तू जितक्या उंचीवरून पडते आणि जितक्या अंतरात थांबते, त्यांच्या गुणोत्तरावर धक्का ठरतो. कॅमेरा १ मीटरवरून फरशीवर पडला आणि जेमतेम १ मिलिमीटरमध्ये थांबला, तर त्याला गुरुत्वाकर्षणाच्या साधारण १००० पट झटका बसतो. तोच कॅमेरा फोममध्ये असेल आणि फोम २ सेंटिमीटर दबला, तर झटका ५० पटीवर येतो. म्हणजे वीस पट कमी.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, धक्का झेलतो तो फोम. बाहेरचं कडक प्लास्टिक चेंगरण्यापासून आणि टोकदार वस्तूंपासून वाचवतं. ते काम मोठं आहे, पण कॅमेरा हातातून निसटून पडण्याच्या धक्क्यासाठी २ सेंटिमीटर चांगली गादी असलेली कापडी पिशवीही जवळपास तेवढीच उपयोगी पडते.

दोन, आणि ही जास्त महत्त्वाची: कॅमेरा पडतो कधी? लेन्स बदलताना, गळ्यातून काढताना, कोणाच्या तरी हातात देताना, गडाच्या पायऱ्या उतरताना. या प्रत्येक वेळी तो केसच्या बाहेर असतो. पेटी कितीही मजबूत असली तरी त्या क्षणी ती जमिनीवर उघडी पडलेली असते. त्यामुळे रोजच्या वापरात मनगटाचा पट्टा हा हार्ड केसपेक्षा जास्त वेळा कॅमेरा वाचवतो. किंमत तर तुलनेत किरकोळ.

वजनाचा हिशोब

पेलिकनची १५१० ही पेटी फोटोग्राफर लोकांत खूप चालते, कारण ती विमानात सोबत नेण्यासाठी बनवली आहे. तिचं वजन फोमसकट सुमारे ६.२ किलो. आपल्याकडे देशांतर्गत विमानात इकॉनॉमीच्या प्रवाशाला एक हँडबॅग आणि ७ किलो वजन ही सर्वसाधारण मर्यादा आहे. उरले ८०० ग्रॅम.

सोनीचा ए७-फोर कॅमेरा बॅटरी आणि कार्डासह ६५८ ग्रॅम भरतो. त्यावर २४-१०५ ची लेन्स लावली की आणखी ६६३ ग्रॅम. म्हणजे एक कॅमेरा, एक लेन्स, आणि मर्यादा ओलांडली. चार्जर अजून बाहेरच आहे. हीच पेटी पाठीवर घेऊन विरारची लोकल पकडायची कल्पना करून बघा. ती पाठीवर बसत नाही, रॅकवर ठेवली तर डोळा ठेवावा लागतो, आणि डब्यातल्या प्रत्येकाला कळतं की आत काहीतरी महागडं आहे. साध्या मळकट सॅकमधला कॅमेरा कोणाच्या लक्षात येत नाही. गर्दीत ही मोठी सुरक्षा आहे.

विमानाचं निघालंच आहे तर एक नियम लक्षात ठेवा. पेटी चेक-इनमध्ये टाकणार असाल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या त्यातून काढून स्वतःजवळ ठेवाव्या लागतात. कॅमेऱ्याची बॅटरी १०० वॉट-तासांच्या मर्यादेच्या खूप खाली असते, सोनीची मोठी बॅटरीही १६ च्या आसपास. त्यामुळे केबिनमध्ये नेण्यात अडचण नाही. तिच्या टोकांवर कव्हर मात्र लावा.

आयपी ६७ म्हणजे काय, आणि काय नाही

चांगल्या हार्ड केसवर 'आयपी ६७' लिहिलेलं असतं. पहिला ६ हा आकडा धुळीचा: धूळ अजिबात आत जात नाही. दुसरा ७ हा पाण्याचा: १ मीटरपर्यंत पाण्यात ३० मिनिटं बुडवली तरी अपाय होईल इतकं पाणी आत शिरत नाही. होडीतून मुरुड-जंजिऱ्याला जाताना किंवा जीपच्या टपावर सामान बांधताना हे रेटिंग सोन्यासारखं आहे.

पण ही परीक्षा बंद पेटीची असते. गॅस्केटवर वाळूचा एक कण किंवा पट्ट्याचं टोक अडकलं की ६७ चा उपयोग संपला. आणि फोटो काढायला पेटी उघडलीत की पाऊस थेट कॅमेऱ्यावर.

मग कॅमेराच 'वेदर सील्ड' घ्यावा का? घ्या, पण शब्द नीट वाचा. बहुतेक कंपन्या नुसतं 'वेदर सील्ड' लिहितात आणि आयपीचा आकडा देत नाहीत. ओएम सिस्टिमचा ओएम-१ हा ठळक अपवाद, त्याला आयपी ५३ आहे. म्हणजे तिरका पाऊस चालेल, बुडवणं नाही. वर उल्लेख केलेल्या एक्स१००-सिक्सला तर पूर्ण सीलिंगसाठी पुढे वेगळी रिंग आणि फिल्टर लावावा लागतो.

खरा शत्रू: बुरशी

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. युरोप-अमेरिकेतल्या व्हिडिओंमध्ये हा फारसा सांगत नाहीत, कारण तिथल्या अनेकांना तो प्रश्नच नसतो. कोकण, गोवा, मुंबईत जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज राहते. लेन्समध्ये बुरशी वाढायला साधारण ६० ते ७० टक्क्यांच्या पुढची आर्द्रता, अंधार, हवेचा अभाव आणि काचेवरची थोडी धूळ किंवा बोटांचं तेल पुरतं. बुरशी काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि तिच्यातून निघणारी आम्लं कोटिंग खातात. साफ केली तरी डाग राहू शकतो. वॉरंटीत हे सहसा बसत नाही.

आता बंद हार्ड केस डोळ्यांसमोर आणा. अंधार आहे, हवा हलत नाही. राहिला ओलावा. १५१० च्या आत साधारण २७ लिटर हवा मावते. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता धरली तर त्या हवेत पाण्याची वाफ फक्त ०.७ ग्रॅम असते. हे फार नाही. खरा ओलावा वेगळाच असतो: पावसात भिजलेला पट्टा, घामट हँडग्रिप, ओला पुसायचा कपडा आणि स्पंजसारखा पाणी धरणारा फोम. त्यात काही ग्रॅम पाणी सहज असतं. ट्रेकवरून आल्यावर कॅमेरा तसाच पेटीत टाकून कड्या लावल्या की गॅस्केट तिचं काम चोख करते: बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही आणि आतलं बाहेर जाऊ देत नाही. चामड्याच्या केसचंही तेच. जुन्या कॅमेऱ्यांच्या लेन्समध्ये बुरशी इतकी सापडते, त्यामागे अशा ओल धरणाऱ्या केसेसही आहेत.

मात्र हीच हवाबंद पेटी कोरडी ठेवली तर मित्र होते. मी घरी कॅमेरा स्वयंपाकघरातल्यासारख्या साध्या हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात ठेवतो. आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० च्या मध्ये हवा. नारिंगी जेल हिरवट दिसू लागलं की ते तापवून पुन्हा कोरडं करायचं. जास्त लेन्स असतील तर विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घ्या.

एक जोडयुक्ती: एसी खोलीतून किंवा एसी गाडीतून दमट हवेत जाताना कॅमेरा १५-२० मिनिटं बंद पिशवीतच राहू द्या. थंड काच एकदम बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं, थंडगार पाण्याच्या बाटलीवर धरतं तसं.

दुचाकीवाल्यांसाठी

आपल्याकडे रोजचा कॅमेरा म्हणजे बहुतेकदा दुचाकीवरचा कॅमेरा. २०२१ मध्ये अॅपलनेच सूचना काढली होती की मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलची कंपनं हँडलवरून थेट आयफोनला बसली तर कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन आणि ऑटोफोकस बिघडू शकतं. आजच्या मिररलेस कॅमेऱ्यांत सेन्सर आणि लेन्समधले भाग याच प्रकारे हलते असतात. कारण तेच असल्याने काळजीही तीच घ्यावी.

हार्ड केस गाडीच्या कॅरिअरला घट्ट आवळली की कंपन पेटीत जातं. फोम जाड आणि मऊ असेल तर बरंचसं शोषतो, पातळ असेल तर नाही. यापेक्षा सॅक पाठीवर घेणं चांगलं, कारण आपलं शरीर हाच मोठा शॉक अब्सॉर्बर आहे. स्कूटरच्या डिक्कीत तर कॅमेरा ठेवूच नका. तिथे कंपन आहे, शिवाय इंजिनाची उष्णताही.

मग रोज काय वापरायचं?

नेहमीची सॅक, तिच्यात गादीचं इन्सर्ट, सॅकला पावसाळी कव्हर, कॅमेऱ्याला मनगटाचा पट्टा, आत सिलिका जेलच्या एक-दोन पुड्या. गणपती विसर्जनाला किंवा रंगपंचमीला यात कॅमेऱ्याचं पारदर्शक रेनकोट-कव्हर वाढवा, कारण गुलाल बटणांच्या फटीत गेला की निघत नाही. घरी आल्यावर कॅमेरा पुसून, पंख्याखाली अर्धा तास ठेवून मगच डब्यात.

हार्ड केस कधी घ्यावी? सामान तुमच्या हातातून सुटणार असेल तेव्हा. विमानात चेक-इन, एसटीचं टप, होडी, ड्रोन किंवा दोन-तीन बॉडी घेऊन जाणारं शूट. तेव्हा दाब समान करणारा व्हॉल्व्ह असलेली घ्या. लेहसारख्या उंच ठिकाणी पेटी उघडून बंद केली आणि खाली उतरलात, तर आतली हवा विरळ असते आणि बाहेरचा दाब झाकण इतकं घट्ट धरतो की ते उघडत नाही. अशी पेटी वर्षातून दोनदा लागणार असेल तर भाड्याने मिळते का ते आधी बघा.

हार्ड केस वाईट नाही. ती ज्या कामासाठी बनली त्यात तिला तोड नाही. पण आपल्यापैकी बहुतेकांचा कॅमेरा विमानाच्या पोटात आपटून खराब होत नाही. तो हातातून निसटून पडतो किंवा पावसाळ्यात कपाटात न वापरता बुरशी धरून जातो. पहिल्यासाठी पट्टा लागतो, दुसऱ्यासाठी कोरडा डबा आणि थोडी शिस्त. केसच्या पैशातून या दोन गोष्टी आधी घ्या. आणि कॅमेरा आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून वापरा, कारण उजेड आणि खेळती हवा बुरशीला आवडत नाही.